तिसऱ्याला सरकार काही देत नाही

लेस्टर, २४ ऑक्टोबर २०२५

ईशू,

आशीर्वाद आहेतच, घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. फोन तू बंद केलास. व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजला तीन आठवडे एकच टिक येते आहे. पोस्टमनला मात्र ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. तू देवनागरी हळू वाचतेस म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. शनिवारच्या मराठी वर्गात पाच वर्षं मीच तुझा हात धरून गिरवून घेतलं, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

दसऱ्याला इल्फर्डला तुझ्या स्वयंपाकघरात मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, त्यामुळे विसरल्याचं सोंग करत नाही. तू श्रीखंड वाढता वाढता म्हणालीस, "आई, मी परत प्रेग्नंट आहे. फिफ्थ वीक." मी म्हटलं, "तिसऱ्याला सरकार काही देत नाही, माहीत आहे ना? की त्या बेनिफिटवाल्या बायकांसारखी तूही काही पळवाट काढलीस?" तू पातेल्यावर झाकण ठेवलंस, मला गाडीत घातलंस आणि स्टेशनला सोडलंस. ट्रेनमध्ये माझ्या लक्षात आलं की श्रीखंड कुणी खाल्लंच नाही.

पळवाट म्हणायला नको होतं, हे मान्य. पण बाकीचं मी खोटं काय बोलले? परीक्षितची नोकरी मार्चमध्ये गेली. तू शाळेत मदतनीस म्हणून बारापर्यंत काम करतेस. सरकारी बेनिफिटवर, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटवर, घर चाललं आहे. त्यात तुझ्या दोन्ही पोरांचा, अक्षराचा आणि समरचा, वाटा येतो. तिसऱ्याचा येत नाही. चाइल्ड टॅक्स क्रेडिट होतं तेव्हापासूनचा हा नियम आहे, २०१७नंतर जन्मलेलं तिसरं मूल सरकार मोजतच नाही. मी आई आहे, मी मोजायचं नाही तर कुणी मोजायचं?

आणि एक. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगून ठेवते. परीक्षितशी या विषयावर माझं अवाक्षरही झालेलं नाही. जावयाशी असलं काही बोलणारी सासू मी नाही.

सातवा-आठवा आठवडा असेल. उलट्या होतात का? अक्षराच्या वेळी तुला सुंठसाखरेने बरं वाटायचं.

आई

लेस्टर, ९ नोव्हेंबर २०२५

ईशू,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा बाबाही असाच होता, रागावला की भिंत व्हायचा. पण तो निदान जेवायला तरी यायचा.

काल मंडळाचा फराळ झाला. तिथे हाच विषय निघाला. पेपरात येतं आहे की बजेटमध्ये दोन मुलांची मर्यादा उठवणार म्हणून. मीनलताई म्हणाल्या, "पैसे मिळायला लागले तर लोक भराभर मुलं करतील का हो, अरुणाताई? तुम्ही तर त्यातल्या." त्यातल्या म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न होऊन इथे येण्याआधी मी सहा वर्षं वर्धा जिल्ह्यात कुटुंबनियोजनाचं काम केलं आणि इथे येऊन पंचवीस वर्षं प्रसूती वॉर्डात. मी म्हटलं, "करणारच. तिकडे आम्ही मुलं बंद करायला पैसे द्यायचो, इकडे हे व्हायला देतात. माणूस तोच. नोट दाखवली की हलतो." सगळ्या हसल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मीनलताईंनी विचारलं, परीक्षितचं कसं चाललंय. मी म्हटलं, कन्सल्टन्सी जोरात आहे.

हे तुला का लिहिते आहे कोण जाणे. तू म्हणशील, तुला लाज वाटते का माझी? तसं नाही गं. लोकांना कशाला सगळं सांगायचं, एवढंच.

तू स्वतःला जप. त्या रविवारी तुमचं एवढं कडाक्याचं वाजलं आणि तू दोन्ही मुलांना घेऊन व्हॅलेंटाइन्स पार्कात दोन तास गारठ्यात बसलीस, हे बरं नव्हे. तुझ्या भावाकडून, नकुलकडून कळलं. परीक्षितलाही समजून घे, तो रात्र रात्र झोपत नाही म्हणे. दहावा आठवडा संपत आला. जे काय ठरवायचं ते लवकर ठरवलेलं बरं असतं, एवढं मी माझ्या अनुभवावरून सांगते. यापुढे मी बोलणार नाही.

आई

लेस्टर, २६ नोव्हेंबर २०२५

ईशू, ईशू,

ऐकलंस ना? मी दुपारपासून टीव्हीसमोरून उठलेली नाही. उठवली मर्यादा! एप्रिलपासून तिसऱ्याचेही मिळणार. महिन्याला जवळजवळ तीनशे पौंड. तुझं बाळ जूनमध्ये येणार, म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी दोनदा बातम्या लावून खात्री करून घेतली.

आता अडचणच उरली नाही. दसऱ्याला मी जे बोलले त्याचं कारणच गेलं, तेव्हा माझं बोलणंही रद्द समज. हवं तर मी चुकले म्हण, मला चालेल. मी आज इतकी खूश आहे की काहीही चालेल. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करू. तिसऱ्या वेळी करत नाहीत म्हणतात, म्हणू देत. हिरवी साडी मी आणते.

फक्त एक. हे लिहिता लिहिता मनात आलं. मी मागच्या पत्रात 'लवकर ठरव' लिहिलं होतं. तू काही ठरवून टाकलं नाहीस ना? तू ऐकणारी पोर नाहीस, लहानपणापासून मी म्हटलं पूर्व की तुझं पश्चिम. या एका वेळी तशीच वागली असशील अशी देवाला प्रार्थना करते.

बाळ आहे ना? एका शब्दात कळव. कोऱ्या पोस्टकार्डावर 'हो' लिहून टाक.

आई

लेस्टर, २ डिसेंबर २०२५

ईशानी,

तुझा मेसेज मिळाला. दोन महिन्यांनी पहिला. मी तो इतक्यांदा वाचला आहे की डोळे मिटले तरी दिसतो. 'परीक्षितने मला सगळा सांगितला. तू त्याला फोन केलास. सोमवारी आठ तारखेला क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट आहे. मी बाळ नाही ठेवत. तू येऊ नको.'

म्हणजे बाळ अजून आहे. आणि सोमवारपर्यंतच आहे.

मी खोटं बोलले. पहिल्या पत्रात धडधडीत, दुसऱ्या पत्रात नकुलच्या आडून. नकुलने मला काही सांगितलेलं नाही. त्या बिचाऱ्याला क्रॉयडनमधून तुमच्या घरातलं काय दिसणार? मला सगळं परीक्षित सांगत होता, कारण दर रविवारी मी त्याला फोन करत होते. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पहिला केला, तू मुलांना पोहायला घेऊन गेली होतीस तेव्हा. चाळीस मिनिटं बोलले. तिसऱ्याचा वाटा मिळणार नाही, भाडं कसं भरणार, ईशानीची नोकरी अर्धी आहे तीही जाईल, हे सगळं एकेक करून त्याच्यासमोर मांडलं. शेवटी म्हटलं, "आत्ता लवकर आहे, आत्ता सोपं असतं. पण माझं नाव नको घेऊ. तुझं म्हणून सांग."

हे मला कुणी शिकवलं माहीत आहे? माझ्या कामाने. वर्ध्याकडे आम्हाला टार्गेट असायचं, नसबंदीच्या शिबिराला इतक्या केसेस आणायच्याच. पहिल्याच महिन्यात मोठ्या सिस्टरनी सांगितलं होतं, बाईला आधी विचारायचं नाही. ती रडते, वेळ घेते. आधी सासूला गाठायचं, मग नवऱ्याला. दोघं वळली की बाईकडे जायचं, तेव्हा तिच्याकडे फक्त अंगठा उरलेला असतो. मी त्यात फार हुशार होते. दोन वर्षं तालुक्यात पहिली आले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना. चाळीस वर्षं झाली, देश बदलला, आणि मी पोटच्या पोरीला तशीच केस करून टाकली.

परवा परीक्षितचा फोन आला. तुला त्याने सगळं कबूल केल्यावर आला असावा. मी बजेटची गोष्ट काढली, म्हटलं आता कसली चिंता. तो म्हणाला, "आई, तुम्ही शिकवलंत तेच मी तिला दोन महिने सांगत होतो, थ्री हंड्रेड शॉर्ट पडतील म्हणून. आता ते मिळणारेत. तरीही मला नकोच वाटतंय. म्हणजे पैशाचं नव्हतंच ना ते? मला भीती वाटते हो. मी घरात बसलोय, दोन मुलांसमोर कसंबसं तोंड दाखवतो, आता तिसऱ्यासमोर पण? एवढंच होतं. पण हे म्हणायला लाज वाटत होती. तुम्ही मला आकडा दिलात, तो म्हणायला सोपा होता."

मी त्याला कारण पुरवलं होतं आणि त्याने ते वापरलं. त्याच्यावर सगळा राग काढू नकोस. अर्धा माझा आहे, अर्ध्याहून जास्त.

पण ईशू, सोमवारी तू जाते आहेस ती कुणावर रागावून? माझ्यावर असेल तर थांब. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. मी इथेच आहे.

आई

लेस्टर, ४ डिसेंबर २०२५

ईशू,

हे पत्र उद्या सकाळी स्पेशल डिलिव्हरीने टाकते, शनिवारी तुझ्या हातात पडेल. मग सोमवारपर्यंत मी काही लिहिणार नाही.

परीक्षितला भीती वाटत होती म्हणून त्याने आकडा वापरला. मग मी का वापरला, हे दोन दिवस स्वतःला विचारते आहे. मी काही उपाशी नव्हते. तुला तीनशे पौंड कमी पडले असते तर माझ्या पेन्शनमधून देता आले असते. ते माझ्या मनात एकदाही आलं नाही. मनात काय आलं तर मीनलताईंचा चेहरा. अरुणाताईंची मुलगी बेनिफिटवर, आणि वर तिसरं. मी वर्षानुवर्षं मंडळात बसून ज्या बायकांना नावं ठेवली त्यांच्या रांगेत माझी पोर. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही माझी सगळी इभ्रत. ती वाचवायला मी तुझं बाळ द्यायला निघाले होते.

आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. माझ्याकडे हळदीकुंकू होतं, चौदा बायका आल्या होत्या. कहाणी वाचून झाली, दूध आणि केळी दिली, आणि सगळ्या निघायच्या बेतात असताना मी दारात उभी राहिले. म्हटलं, बसा जरा. मग एका दमात सांगितलं. परीक्षितची कन्सल्टन्सी वगैरे काही नाही, मार्चपासून तो घरी आहे. ईशानी युनिव्हर्सल क्रेडिट घेते. तिला तिसरं मूल होणार आहे, आणि लोक हसतील म्हणून मी जावयाला फोन करून ते पाडायला सांगितलं.

पाडायला हा शब्द मी मुद्दाम वापरला. फोनवर मी तो वापरला नव्हता.

हॉलमध्ये फक्त कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मग मीनलताई म्हणाल्या, "अरुणाताई, आमच्या सुनेला चार वर्षं टॅक्स क्रेडिट मिळत होतं. आमचा राघव लायब्ररीत पार्टटाइम आहे ना, मग दुसरं काय होणार? पण तुमच्यासमोर ते बोलायची काही सोय होती का? तुम्ही बोलायला लागलात की मी आपली चकलीची ताटली पुढे करायचे." पाठोपाठ आणखी दोघींनी माना डोलावल्या. एकजण तर उठून गेली, ती बहुधा आता येणार नाही. जाऊ दे.

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. सगळ्या गेल्यावर मी केळ्यांची सालं गोळा करत होते आणि मला नंदा आठवली. तिचं तुला कधी सांगितलं नाही. दोन मुलींची आई, पंचविशीची. तिच्या सासूला मी महिनाभर खेटे घालून पटवलं होतं, नवऱ्याला तर पैशांचं नुसतं नाव काढलं. शिबिराच्या दिवशी नंदा खाटेवर पडली होती, मी तिच्या उशाशी नोटा ठेवल्या. ती म्हणाली, "ताई, हे सासूलाच द्या. मला तर पहिलीनंतरच नको होतं. पण बाई म्हणून नको म्हणायची सोय कुठं होती? तुमच्या पैशानं तेवढी झाली." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. माझी केस झाली होती.

मग त्याच वर्षी एक दुसरी होती. तिचं नाव मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याची आज पहिल्यांदा शरम वाटते. ती अंगठा देताना रडत होती. तिला अजून मूल हवं होतं. तिच्याही उशाशी मी तेवढ्याच नोटा ठेवल्या.

मंडळात मी छातीठोकपणे सांगत होते, नोट दाखवली की माणूस हलतो. कुठे हलतो? एकीला नको होतं, एकीला हवं होतं. दोघींचा अंगठा सारखाच दिसला आणि मी दोन्ही रजिस्टरात चढवले. नोटेने फक्त कुणाचा तरी आवाज मोठा झाला, एकदा बाईचा आणि एकदा बाकीच्यांचा. मी सहा वर्षांत कितीतरी बायकांकडे गेले आणि एकीलाही एक साधी गोष्ट विचारली नाही. दसऱ्याला तू सांगितलंस तेव्हाही मी सरकार काय देतं ते काढलं, पुढे पत्रात आठवडे मोजले, परीक्षितजवळ भाडं मोजलं. आणि २६ तारखेला तर मी तुला हिरवी साडी नेसवून मोकळी झाले. तेव्हाही तुला विचारलं नव्हतं. आधी सरकार देत नाही म्हणून नको ठरवलं, मग देतं म्हणून हवं ठरवलं, दोन्ही वेळा मीच.

म्हणून आज विचारते. ईशू, तुला हे बाळ हवं आहे का?

नको असेल तर तसं सांग, मी एका शब्दाने विचारणार नाही का म्हणून. क्लिनिकमधून आल्यावर दोन दिवस तुला स्वयंपाक करावा लागू नये एवढं बघेन, तेही तू म्हटलंस तर. हवं असेल तर परीक्षितने आणि मी मिळून जे काही तुझ्या कानात भरलं ते काढून टाक. आणि काय ते मला सांगायचंच नसेल, तर तेही चालेल. तू येऊ नको म्हणालीस, मी येणार नाही. सोमवारी मी घरात बसून राहीन. ते मला फार कठीण जाणार आहे, पण बसेन.

आई

इल्फर्ड, १० डिसेंबर २०२५

आई,

मी हे हाताने लिहिते आहे. खूप वर्ष झाले देवनागरी लिहिला नाही, तर मिस्टेक्स असतील. अक्षरा बाजूला बसून बघते आहे आणि हसते आहे. तिला मी सांगितला हा आजीसाठी होमवर्क आहे.

मी सोमवारी गेली. परीक्षितला मी कारमध्ये थांबायला सांगितला. आत एक नर्स होती, तुझ्या वयाची. ती म्हणाली आम्ही सगळ्यांशी एकटं बोलतो, दॅट्स द रूल. मग तिने विचारला, इज एनीवन प्रेशराइझिंग यू? मी नो म्हणणार होती. मी शाळेत रोज मुलांना बघते ना जे नो म्हणतात आणि तोंड वेगळा असतो. माझा तोंड तसाच झाला असणार, कारण तिने मला टिशू दिला. मी तिला सांगितला, माय हजबंड. मग सांगितला, माय मम. मग मी सांगितला की मी पण, कारण मी इतकी अँग्री होती की मला तुम्हा दोघांना पनिश करायचा होता. तू बरोबर लिहिलास ते. मला आवडला नाही की तू बरोबर लिहिलास.

ती म्हणाली, गो होम, कोणी घाई करत नाही, पाहिजे तर परत या. आम्ही कारमध्ये एक तास बसलो. परीक्षित खूप रडला. तो म्हणतो त्याला अजून भीती वाटते. मी म्हटली ठीक आहे, भीती वाटू दे, पण तुझा सांग, आईचा नको सांगू.

तुझा लेटर मी शनिवारी वाचायला लागली आणि रविवारी संपला. नंदाचा पेज मी तीनदा वाचला. दुसरी बाई, जिचा नाव तुला आठवत नाही, तिचा मी एकदाच वाचला. परत नाही वाचू शकली.

तू आणि मीनल मावशी डिस्कस करता की पैसे दिले तर लोक मुलं करतात का. मला माहीत नाही लोकांचा. मला टेस्ट केली तेव्हा बाथरूममध्ये खूप छान वाटला होता, आणि तेव्हा बजेट झाला नव्हता, आणि परीक्षितला जॉब नव्हता, आणि आम्हाला एक पेनी मिळणार नव्हती. मी इतकी खूश होती की दोन दिवस थांबू शकली नाही. तुला सांगितला सगळ्यात आधी. परीक्षितच्या पण आधी. तुला हे माहीत नव्हता.

तीनशे पौंड आले तर मी घेणार. मला लाज नाही वाटत. नॅपीज महाग आहेत.

तू मंडळात सांगितलास ते नकुलने मला सांगितला, खरोखर नकुलने. त्याला मीनल मावशीने फोन केला. मला माहीत आहे तुझ्यासाठी ते किती कठीण आहे. थँक यू. पण तो तुझा गिल्ट होता, तू तुझ्यासाठी सांगितलास. माझ्यासाठी तू फक्त एक प्रश्न विचारलास, लास्ट पेजवर, तर मी फक्त त्याचा उत्तर देते.

हो. बाळ मला हवा आहे. तू मला आत्ता नको आहेस. पत्र चालेल.

ईशानी